स्त्रियांमधील आमवात आणि पांडुता : लोह केव्हा द्यावे?

प्रस्तावना

बारामती-इंदापूर परिसरातील चिकित्सालयांत येणाऱ्या तिशी ते पन्नाशीच्या स्त्रीरुग्णांच्या तोंडी दोन तक्रारी पुष्कळदा एकत्र असतात. ‘अंगात रक्त राहिलेले नाही’ ही एक आणि ‘सांधे धरले आहेत’ ही दुसरी. व्यवहारात या दोन तक्रारींना दोन स्वतंत्र उत्तरे दिली जातात. रक्तासाठी लोहकल्प, सांध्यांसाठी गुग्गुळूकल्प. दोन्ही औषधे पहिल्याच दिवशी सुरू होतात. महिन्याभराने रुग्णा परत येते तेव्हा निस्तेजता कायम असते, भूक आणखी मंदावलेली असते आणि मलावष्टंभाची नवी तक्रार जोडली गेलेली असते.

असे का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आमवात आणि पांडुता एकाच रुग्णेत आढळतात तेव्हा त्यांचे पौर्वापर्य ओळखणे आणि त्यानुसार लोहाची वेळ ठरवणे, हा या विषयाचा गाभा आहे. ग्रंथोक्त संप्राप्ती आणि गेल्या पंचवीस वर्षांतील रक्तविषयक संशोधन ही दोन्ही या बाबतीत एकाच दिशेने बोट दाखवतात.

आरंभीच एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. आमवात म्हणजे तंतोतंत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस नव्हे आणि पांडुरोग म्हणजे केवळ लोहन्यूनता नव्हे. ग्रंथकारांच्या संज्ञा अधिक व्यापक आहेत. तथापि सममित सांधेशोथ, सकाळचे जखडलेपण, ज्वरांश व अग्निमांद्य हे चित्र असलेल्या रुग्णेपुरते बोलताना ही तुलना चिकित्सोपयोगी ठरते.

व्याप्ती : भिगवणची पाहणी

सांध्यांच्या विकारांविषयी ग्रामीण भारतातील एक महत्त्वाची लोकसंख्याधारित पाहणी आपल्याच इंदापूर तालुक्यात झाली, ही गोष्ट अनेक सभासदांना ठाऊक नसेल. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कोपकॉर्ड’ या कार्यक्रमांतर्गत १९९६ साली भिगवण येथे घरोघर जाऊन ही पाहणी करण्यात आली. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी तिचे नेतृत्व केले. ४०९२ प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के व्यक्तींना स्नायू, अस्थी व सांध्यांच्या वेदना होत्या. त्यांपैकी बहुसंख्यांना झीज किंवा मृदुधातूंचे विकार होते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले.

अर्धा टक्का ही संख्या ऐकायला लहान वाटते. दोन हजार प्रौढांच्या गावात मात्र तिचा अर्थ दहा रुग्ण असा होतो. या विकारात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट असते, म्हणजे त्या दहांत सहा-सात किंवा त्याहून अधिक स्त्रिया असणार. उलट, दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्याला आमवात म्हणणे किती चुकीचे आहे, हेही हीच पाहणी सांगते.

आता पांडुतेकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ५४.२ टक्क्यांवर गेले. निम्म्याहून अधिक स्त्रिया मुळातच पांडुतेच्या उंबरठ्यावर असतील, तर आमवात जडणाऱ्या स्त्रीचा रक्तधातू व्याधी सुरू होण्यापूर्वीच क्षीण असण्याचा संभव मोठा आहे. त्यात व्याधी स्वतः भर घालतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांविषयी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३३ ते ६० टक्के रुग्णांत सौम्य रक्ताल्पता आढळल्याचे नमूद आहे.

संप्राप्ती विचार

आमवाताचे स्वतंत्र व्याधी म्हणून सविस्तर वर्णन प्रथम माधवनिदानात येते. विरुद्ध आहार, विरुद्ध चेष्टा, मंदाग्नी, बैठी वृत्ती आणि स्निग्ध भोजनानंतर लगेच केलेले श्रम ही कारणे तेथे सांगितली आहेत. अपक्व अन्नरस वायूच्या प्रेरणेने श्लेष्मस्थानांकडे, म्हणजे प्रामुख्याने संधींकडे जातो आणि अभिष्यंद निर्माण करतो. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात पांडुरोगाचा विचार आहे. तेथे पित्तप्रधान दोष धातूंना शिथिल करतात, रक्त व मेद अल्प होतात आणि रुग्ण निःसार होतो.

दोन्ही व्याधींची लक्षणे शेजारी ठेवली तर साम्य लक्षात येते. अरुची, गौरव, ज्वर, अंगातील वेदना आणि अग्नीची हानी ही दोन्हीकडे आहेत. पांडुरोगात पिंडऱ्या वळणे, कंबर, मांड्या व पाय दुखणे हेही सांगितलेले आहे. म्हणूनच केवळ पांडुता असलेल्या स्त्रीला ‘वात आहे’ असे सांगून गुग्गुळू दिला जाण्याचा आणि आमवात असलेल्या स्त्रीला ‘रक्त कमी आहे’ असे सांगून टॉनिक दिले जाण्याचा प्रमाद सहज घडतो.

साम्याचे मूळ अग्नीत आहे. रसापासून रक्त होण्यासाठी धात्वग्नी सम असावा लागतो आणि रसवह व रक्तवह स्रोतसे मोकळी असावी लागतात. आमवातात या दोन्हींचा अभाव असतो. अशा अवस्थेत पोषक द्रव्य पोटात गेले तरी ते धातूपर्यंत पोहोचत नाही. उलट पचनाला जड झाल्यामुळे आमात भर पडते.

आधुनिक संशोधनाची भाषा निराळी असली तरी तिच्यातून उभे राहणारे चित्र याच्याशी मिळतेजुळते आहे. यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडिन या संप्रेरकाचा शोध या शतकाच्या आरंभी लागला. आतड्यातील पेशी आणि जुन्या रक्तकणांचे विघटन करणाऱ्या पेशी यांमधून लोह रक्तात सोडणारे फेरोपोर्टिन नावाचे एक द्वार असते. हेप्सिडिन ते द्वार नष्ट करते, हे २००४ साली स्पष्ट झाले. सांध्यांतील शोथ तीव्र असतो तेव्हा इंटरल्युकिन-६ या द्रव्यामुळे हेप्सिडिन वाढते. परिणामी आहारातील लोह शोषले जात नाही आणि शरीरातील साठा कोठारात कुलूपबंद होतो. मज्जेला लोह मिळत नाही, हिमोग्लोबिन घटते. घरात धान्य आहे, परंतु कणगीचे तोंड बांधलेले आहे, अशी ही स्थिती होय. स्रोतोरोध या संज्ञेचे यापेक्षा समर्पक उदाहरण शोधावे लागणार नाही. ही दोन शास्त्रे एकच गोष्ट सांगतात असा दावा येथे नाही. परंतु शोथ शमल्याशिवाय लोह पोटातून देऊन पुरेसा लाभ होत नाही, हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी निघतो.

निदान : कोणती पांडुता?

आमवाताच्या रुग्णेतील पांडुता चार मार्गांनी येऊ शकते. पहिला मार्ग वर सांगितलेल्या शोथजन्य कुलूपबंदीचा. दुसरा खऱ्या लोहन्यूनतेचा: अत्यार्तव, पाठोपाठची बाळंतपणे, अपुरा आहार, आणि ओल्या शेतात अनवाणी काम करणाऱ्या स्त्रियांमधील अंकुशकृमी. तिसरा मार्ग औषधांचा. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने आमाशयात व्रण होऊन नकळत रक्तस्राव होतो, तर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णेत फॉलिक आम्ल कमी पडून वेगळ्या प्रकारची रक्ताल्पता येते. चौथा मार्ग बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता किंवा थॅलेसेमियाची सुप्तावस्था यांसारख्या आमवाताशी संबंध नसलेल्या कारणांचा.

प्रत्यक्षात पहिला आणि दुसरा मार्ग बहुधा एकत्र असतात. त्यांतील वाटा ठरवण्यासाठी केवळ हिमोग्लोबिन पाहणे पुरेसे नाही. संपूर्ण रक्तगणना, ई.एस.आर., सी.आर.पी. व सीरम फेरिटिन या तपासण्या शक्य तेथे कराव्यात. फेरिटिन वाचताना सावधानता हवी, कारण शोथात ते आपोआप वाढते. निरोगी प्रौढ व्यक्तीत १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी फेरिटिन लोहन्यूनता दर्शवते. शोथ असताना ही मर्यादा ७० धरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचवले आहे. म्हणजे सूजलेले सांधे असलेल्या स्त्रीचे फेरिटिन ५० आले आणि अहवालावर ‘प्राकृत’ असे छापलेले असले, तरी तिला लोहाची गरज असू शकते. याउलट फेरिटिन बरेच वाढलेले असून हिमोग्लोबिन कमी असेल, तर लोहाच्या मागे न लागता शोथाकडे लक्ष द्यावे.

सांध्यांच्या परीक्षणात मनगट, बोटांची मुळे व मधली पेरे यांची दोन्ही बाजूंची सूज, आणि अर्ध्या तासाहून अधिक टिकणारे सकाळचे जखडलेपण ही लक्षणे महत्त्वाची आहेत. आपल्याकडील स्त्रिया हे वेगळ्या शब्दांत सांगतात. सकाळी भाकरी थापता येत नाही, धार काढताना मूठ वळत नाही, पिळा घट्ट बसत नाही, ही वाक्ये निदानाच्या दृष्टीने अमूल्य आहेत. ऊन वर आल्यावर हात मोकळे होतात, असे तिने सांगितले तर चिकित्सकाने तिथेच थांबून बोटांची मुळे हलकेच दाबून पाहावीत. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर व अँटी-सीसीपी या तपासण्यांनी निदानाला बळकटी येते, परंतु त्या नकारात्मक आल्या म्हणून व्याधी नाही असे होत नाही. महाराष्ट्रात २००६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. ज्वरानंतर उरलेल्या सांधेदुखीचा इतिहास म्हणून आवर्जून विचारावा. प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत हा व्याधी प्रथम प्रकट होतो किंवा बळावतो, हेही लक्षात ठेवावे. सूतिकावस्थेत ‘बाळंतवात’ म्हणून सोडून दिलेली सूज काही वेळा हीच असते.

चिकित्साक्रम

चक्रदत्ताने आमवातासाठी लंघन, स्वेदन, तिक्त-दीपन-कटु द्रव्ये, विरेचन, स्नेहपान व बस्ती असा क्रम सांगितला आहे. पांडुरोगात मात्र स्नेहन, शोधन व त्यानंतर पथ्यकर पोषण यांवर भर आहे. पांडुतेला बृंहण हवे आणि आमाला लंघन हवे, हा या दोन व्याधींतील चिकित्साविरोध होय. क्रम पाळला तर तो सुटतो.

पहिल्या टप्प्यात आमपाचन करावे. रास्नासप्तक क्वाथ शुंठीचूर्णासह, कोष्ठ पाहून रात्री शुंठीसिद्ध एरंडतैल, आणि सांध्यांवर वालुकास्वेद. गर्भवतीस एरंडतैल देऊ नये. सामावस्थेत तेलाने मालीश करू नये, हे रुग्णेला व घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना स्पष्टपणे सांगावे लागते, कारण दुखल्यावर तेल चोळणे हा आपल्याकडील पहिला उपचार असतो.

लंघन या शब्दाचा अर्थ येथे नीट समजावणे आवश्यक आहे. ८-९ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीला उपाशी ठेवणे हे लंघन नव्हे. मुगाचे किंवा कुळथाचे कढण, भाजून केलेली पेज, ज्वारीची पातळ भाकरी, सुंठ घातलेले उष्णोदक एवढा लघु आहार दोन-तीन आठवडे पुरेसा आहे. चतुर्थी, एकादशी, नवरात्र यांचे उपवास साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे यांवर होतात. तो आहार गुरू आहे आणि त्यातून रक्तधातूला फारसे काही मिळत नाही. आमवात व पांडुता दोन्ही असलेल्या स्त्रीला तो दोन्ही बाजूंनी बाधक ठरतो. व्रत मोडावयास न सांगता राजगिऱ्याच्या लाह्या, फळे व पातळ ताक असा पर्याय द्यावा. आंबट ताक टाळावे.

दुसऱ्या टप्प्यात बल पाहून मृदू विरेचन किंवा वैतरण बस्तीसारखी योजना करावी. पांडुता तीव्र असल्यास शोधनाचा हट्ट धरू नये.

तिसऱ्या टप्प्यात लोह येते. जिभेवरील लेप कमी झाला, भूक लागू लागली, सकाळचे जखडलेपण घटले आणि शक्य असल्यास सी.आर.पी. उतरल्याचे दिसले, की ही वेळ आली असे समजावे. तथापि पांडुता अधिक असेल तर तिसऱ्या टप्प्यापर्यंत थांबण्याचीही गरज नाही, कारण प्राचीनांनी लोहकल्पांची रचनाच ही अडचण ओळखून केली आहे. नवायस चूर्णात त्रिकटू, त्रिफळा, मुस्ता, विडंग व चित्रक ही नऊ द्रव्ये प्रत्येकी एक भाग आणि लोह नऊ भाग असते. म्हणजे कल्पाचा निम्मा भाग केवळ दीपन, पाचन व कृमिघ्न द्रव्यांचा आहे. पुनर्नवा मंडूरात शोथहर पुनर्नवा, रेचक त्रिवृत् व दंती आणि गोमूत्राचा संस्कार आहे. शोथ, मंदाग्नी व पांडुता एकत्र असलेल्या रुग्णेसाठी याहून नेमका कल्प सापडणे कठीण. तो ताकाबरोबर, २५० ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा द्यावा. दंती-त्रिवृत् असल्यामुळे गर्भिणीत देऊ नये. साखरेच्या पाकातील लोहयुक्त टॉनिकमध्ये ही पाचक बाजू नसते, म्हणून सामावस्थेत ते अपेक्षित गुण देत नाही.

आशा सेविकेकडून मिळालेल्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या रुग्णा घेते का, हे विचारून घ्यावे. त्या बंद करण्यास सांगू नये; वेळेचे अंतर ठेवून दोन्हींचा मेळ घालावा.

पथ्यापथ्य

आमवातात दही, मासे, गूळ, दूध, उडीद व पिष्टान्न ही अपथ्ये म्हणून सांगितली आहेत. उजनी जलाशयाच्या काठच्या, भिगवणसारख्या मासळीच्या बाजारपेठेभोवतीच्या गावांत आणि घरोघरी दुभती जनावरे असलेल्या बारामतीच्या दुग्धपट्ट्यात हे पथ्य सांगणे सोपे नाही. शिवाय मासळी ही रक्तवर्धनासाठी उपयुक्तही आहे. म्हणून सरसकट व कायमची बंदी न घालता निरामावस्था येईपर्यंतची मुदत सांगावी. मुदत सांगितली की पथ्य पाळले जाते, असा सर्वांचाच अनुभव असेल.

अग्नी सुधारल्यावर याच परिसरात पिकणारी डाळिंबे व काळे मनुके, परसातील मेथी, शेपू व तांदुळजा, बाजरीची भाकरी, आणि आवळा किंवा लिंबू यांची योजना करावी. जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा घेऊ नये, कारण त्यातील कषाय द्रव्ये वनस्पतीजन्य लोहाचे शोषण रोखतात. पहाटे चहावर कामाला लागून दुपारी पहिला घास घेणाऱ्या, ऊसतोडीवर किंवा गोठ्यात राबणाऱ्या स्त्रीसाठी ही एक सूचनाही महत्त्वाची ठरते. लोखंडी तवा व कढई पुन्हा वापरात आणण्याचा सल्ला बिनखर्चाचा आहे.

औषध विक्रेत्यांसाठी

रुग्णा पुष्कळदा वैद्यांच्या आधी औषधालयात पोहोचते. म्हणून काही गोष्टी विक्रेत्या बंधु-भगिनींसाठी.

सांध्यांच्या औषधाबरोबर लोहकल्प मागणाऱ्या स्त्रीला आधी कोणती औषधे चालू आहेत, हे विचारावे. महायोगराज गुग्गुळूत लोह व मंडूर यांची भस्मे असतात, तसेच नागभस्मही असते. त्यावर आणखी लोहकल्प देताना दीर्घकाळ पुनर्भरण टाळावे. शिसे शरीरात साठल्यास ते स्वतःच रक्ताल्पता निर्माण करते. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्या शास्त्राला जगभर टीका सोसावी लागली. भस्मयुक्त कल्प परवानाधारक निर्मात्याचा, उत्पादन-क्रमांक असलेला व परीक्षण-अहवाल मागता येईल असाच ठेवावा.

विनालेबल पुड्यांपासून तर दूरच राहावे. ज्या ‘संधिवाताच्या पुडी’ने दोन दिवसांत सूज ओसरते आणि दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, तिच्यात स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा. अशी पुडी घेणाऱ्या रुग्णेला ती एकाएकी बंद करण्यास सांगणेही धोक्याचे असते. तिला रुग्णालयाकडे पाठवावे.

समन्वय व संदर्भसेवा

आपल्या औषधांचे मूल्यमापन प्रामाणिकपणे व्हावे, यातच शास्त्राचे हित आहे. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ व हळद यांच्या एका कल्पाची ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या १८२ रुग्णांवरील १६ आठवड्यांची दुहेरी अंध चाचणी डॉ. चोप्रा व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केली. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरमध्ये घट दिसली, परंतु बहुतेक निकषांवर निष्क्रिय औषधाच्या तुलनेत निर्णायक फरक आढळला नाही. कोइम्बतूर येथे संपूर्ण आयुर्वेदीय चिकित्सेची मेथोट्रेक्सेटशी तुलना करणारी ४३ रुग्णांची चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत दोन्हींचे परिणाम साधारण सारखे दिसले. संख्या लहान असल्याने त्यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. मात्र एका योगापेक्षा अवस्थानुरूप संपूर्ण चिकित्सेचे परीक्षण करावे, ही दिशा त्यातून मिळते.

तोपर्यंत एक भान राखणे आपले कर्तव्य आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये अस्थींची हानी पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि झालेली विकृती परतवता येत नाही. सहा आठवड्यांहून अधिक काळ सांधे सुजलेले असतील तर संधिविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे. रुग्णा मेथोट्रेक्सेट घेत असेल तर ते बंद करू नये. तिची यकृत-तपासणी नियमित होते का ते पाहावे, आणि ती अपत्याचा विचार करत असेल तर तिने आधी ते औषध देणाऱ्या चिकित्सकांना भेटावे, कारण गर्भावस्थेत ते वर्ज्य आहे. हिमोग्लोबिन ८ ग्रॅमपेक्षा कमी, विश्रांतीतही धाप, काळी शौचप्रवृत्ती किंवा गर्भावस्था यांपैकी काहीही असल्यास रुग्णालयात पाठवण्यास विलंब करू नये.

उपसंहार

सांधे धरलेल्या निस्तेज स्त्रीला लोह हवेच असते. प्रश्न ते केव्हा आणि कशाबरोबर द्यावे एवढाच आहे. आमपाचन आधी, पाचकयुक्त लोहकल्प त्यानंतर किंवा सोबत, आणि शोथ मोजल्याशिवाय फेरिटिनवर विश्वास नाही, ही त्रिसूत्री दैनंदिन व्यवहारात सहज पाळता येण्याजोगी आहे. सभासदांनी आपल्या आमवाताच्या प्रत्येक स्त्रीरुग्णेची आरंभीची व तीन महिन्यांनंतरची हिमोग्लोबिन, सी.आर.पी. आणि सकाळच्या जखडलेपणाची मिनिटे अशी तीनच नोंदी ठेवल्या, तरी वर्षअखेरीस बारामती-इंदापूर परिसराचे स्वतःचे चित्र आपल्या हाती येईल. भिगवणने रुग्ण किती आहेत हे दाखवले. त्या रुग्णांच्या हातांना पुन्हा भाकरी थापता यावी यासाठी नेमके काय उपयोगी पडते, हे नोंदवण्याचे काम या परिसरातील वैद्यांचे आहे.